डॉ. आनंदीबाई जोशी : कल्याणच्या कन्येचे अपुरे राहिलेले मातृसेवेचे व्रत

कल्याण स्थानकावरून दररोज लाखो प्रवासी ये-जा करतात. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी बंधुभगिनी या गर्दीचाच एक भाग आहेत. ज्या गावातून आपण रोज जातो, त्याच गावाच्या एका मुलीने सुमारे १४० वर्षांपूर्वी एकटीने सातासमुद्रापार जाऊन वैद्यकीय पदवी मिळवली, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. पण ती तिकडे का गेली, तिने तिथे नेमका कशाचा अभ्यास केला आणि त्यासाठी तिने कोणती किंमत मोजली, याचा विचार मात्र आपल्या हातून सहसा होत नाही. म्हणून डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी यांचे चरित्र आज आम्ही वाचकांसमोर ठेवीत आहोत.

आनंदीबाई ख्रिस्ती नव्हत्या. त्या हिंदू म्हणून जन्मल्या, हिंदू म्हणून जगल्या आणि जाणीवपूर्वक हिंदू म्हणूनच त्यांनी देह ठेवला. तरीही त्यांच्या आयुष्याच्या जवळजवळ प्रत्येक वळणावर ख्रिस्ती माणसे उभी असलेली दिसतात. त्यांपैकी काहींनी त्यांना निरपेक्ष प्रेम दिले, तर काहींनी मदतीला अट घातली. हा इतिहास आपण प्रांजळपणे वाचला पाहिजे, कारण त्यातून आपल्यालाही काही शिकण्यासारखे आहे.

कल्याणचे दिवस

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी एका कन्येचा जन्म झाला. तिचे नाव यमुना ठेवण्यात आले. वडील गणपतराव जोशी हे एकेकाळी संपन्न असलेल्या, परंतु पुढे उतरती कळा लागलेल्या जमीनदार कुटुंबातील होते. मुंबईहून ठाण्यापर्यंत १८५३ साली आलेली आगगाडी पुढच्याच वर्षी कल्याणला पोहोचली होती. तिच्यासोबत टपाल आले, सरकारी नोकर आले आणि नवे विचारही आले. घराघरांतील रीतिरिवाज मात्र पूर्वीचेच राहिले. मुलीने पाटी हातात घेतली तर नवऱ्याला अपमृत्यू येतो, अशी समजूत तेव्हा सुशिक्षित घरांतही होती.

या गावात गोपाळराव विनायक जोशी नावाचे टपाल खात्यातील एक कारकून आले. ते विधुर होते आणि यमुनेपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. स्वभावाने विक्षिप्त, पण स्त्रीशिक्षणाच्या ध्यासाने झपाटलेले असे हे गृहस्थ यमुनेला शिकवू लागले. पुढे ३१ मार्च १८७४ रोजी, नवव्या वाढदिवशीच, यमुनेचा त्यांच्याशी विवाह झाला. लग्नानंतर आपण पत्नीला शिकवणार आणि त्याला कोणी हरकत घ्यायची नाही, ही त्यांची अट होती. सासरी यमुनेची आनंदी झाली.

गोपाळरावांच्या या ध्यासाची दुसरी बाजू लपवून ठेवणे योग्य होणार नाही. अभ्यास झाला नाही म्हणून त्यांनी या कोवळ्या मुलीला लाकडाने मारले, तिच्या अंगावर पुस्तके व खुर्च्या फेकल्या, सोडून जाण्याच्या धमक्या दिल्या. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी या साऱ्याची शांतपणे आठवण करून दिली आहे. त्याच पत्रात आपल्या शिक्षणाचे श्रेयही त्यांनी पतीलाच दिले आहे. हे दोन्ही खरे होते. ज्या हाताने अक्षर गिरवायला शिकवले त्याच हाताने मारही दिला, आणि त्या काळात त्याबद्दल जाब विचारणारे कोणी नव्हते.

दहा दिवसांचे बाळ

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाई आई झाल्या. मुलगा झाला, परंतु अवघ्या दहा दिवसांत ते बाळ दगावले. योग्य वैद्यकीय उपचार वेळेवर मिळाले असते तर आपले मूल वाचले असते, ही खंत त्यांच्या मनात कायमची घर करून राहिली. त्यांच्या पुढील सर्व आयुष्याचे मूळ या दहा दिवसांत आहे.

त्या काळातील बाळंतपणाचे चित्र डोळ्यांसमोर आणले की हे दुःख एका घरापुरते नव्हते, हे ध्यानात येते. बाळंतिणीला घरातील सर्वांत अंधाऱ्या, कोंदट खोलीत ठेवीत. सोयर पाळायचे म्हणून जुनी, फाटकी वस्त्रे वापरीत. शेगडीचा धूर कोंडलेला असे. सुईण अनुभवी असली तरी हात व हत्यारे निर्जंतुक करण्याची कल्पना तिला कोणी दिलेली नसे. नाळ कापताना जंतू शिरले की पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास बाळाला धनुर्वात होई. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाईच्या नावाने जागरण करणाऱ्या आयाबायांच्या मनातील भीतीला असे प्रत्यक्षातले कारण होते. आईला सूतिकाज्वर झाला, रक्तस्राव थांबला नाही किंवा मूल आडवे आले, तर दैवाला बोल लावण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे.

त्यात आई स्वतःच बालिका असेल तर धोका अधिकच वाढतो. दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या मातांना गर्भावस्थेतील झटके, प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग यांचा धोका विशीतील मातांपेक्षा जास्त असतो आणि त्यांची बाळे कमी वजनाची किंवा अपुऱ्या दिवसांची होण्याचा संभव जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आज सांगते. आनंदीबाईंच्या काळी ही आकडेवारी नव्हती; दुःखाचा अनुभव मात्र घरोघरी होता.

पुरुष डॉक्टर नव्हते असे नाही. पण स्त्रिया परपुरुषाकडून तपासणी करून घेण्यापेक्षा मरण पत्करीत. स्त्रियांना स्त्री डॉक्टरच हवी, आणि ती त्यांची भाषा व चालीरीती जाणणारी हवी, हे या मातेने स्वतःच्या अनुभवातून ओळखले.

अट घातलेली मदत आणि अट नसलेले प्रेम

कोल्हापूरला असताना, १८७८ साली, गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी रेव्ह. वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत सोय होईल का, अशी विचारणा केली. दोघांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास मदत करता येईल, अशा आशयाचे उत्तर आले. जोशी दांपत्याने ते मानले नाही. वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मिशनविषयक नियतकालिकात छापला.

तो अंक १८८० साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या हाती पडला. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना त्यांनी तो चाळला. दूरदेशीच्या एका मुलीला शिकायचे आहे आणि तिला कोणी मदत करीत नाही, हे वाचून त्यांचे मन हेलावले. त्यांनी पत्र पाठवले. त्या पत्रातून जी मैत्री जुळली ती आनंदीबाईंच्या मृत्यूनंतरही टिकली. आनंदीबाई त्यांना मावशी मानीत. कलकत्त्यास असताना आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली; डोकेदुखी, अशक्तपणा, अधूनमधून ताप. तेव्हा या मावशीने अमेरिकेतून औषधे पाठवली. धर्म बदलण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही.

एकाच प्रभूचे नाव घेणारे हे दोघे. एकाने दार किलकिले करून आधी अट सांगितली. दुसरीने आधी दार उघडले. कोणाच्या वागण्यातून शुभवर्तमान अधिक स्पष्ट दिसले, याचा निर्णय वाचकांनीच करावा. वाइल्डर यांना दुष्ट ठरवण्याची आमची इच्छा नाही. आपल्या काळाच्या समजुतीप्रमाणे त्यांनी उत्तर दिले. पण शाळा, दवाखाने आणि सेवाकेंद्रे चालवणाऱ्या आपल्या समाजाने हा प्रसंग विसरू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा प्रवास झाला. मुंबईत पुस्तके घेऊन शाळेत जाताना रस्त्यातील लोकांनी आनंदीबाईंची टवाळी केली. बंगालमध्ये पतीबरोबर मोकळेपणाने फिरायला जाणारी ही मराठी स्त्री लोकांच्या कुतूहलाचा आणि उपहासाचा विषय झाली. शेवटी गोपाळरावांनी तिला एकटीलाच पाठवण्याचे ठरवले.

श्रीरामपूरचे भाषण

कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथे बाप्तिस्त मिशनऱ्यांनी स्थापन केलेले महाविद्यालय आहे. त्याच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाची अठरा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, आनंदीबाईंनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. लोक जे प्रश्न पाठीमागे कुजबुजत होते, ते एकेक घेऊन त्यांनी उत्तरे दिली. अमेरिकेलाच का जायचे, हिंदुस्थानात शिकता येणार नाही का, एकटी का जाते, जातीबाहेर टाकले तर काय करशील, संकट आले तर काय, आजवर कोणी स्त्रीने केले नाही ते तूच का करावेस, असे ते प्रश्न होते. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची अत्यंत गरज आहे आणि त्या कामासाठी आपण स्वतःला अर्पण करीत आहोत, असा त्या भाषणाचा आशय होता. परत येऊन स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय काढण्याची इच्छाही त्यांनी बोलून दाखवली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. या भाषणाची वार्ता देशभर पसरली आणि ठिकठिकाणांहून आर्थिक साहाय्य आले.

दि. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाज निघाले. सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या. नऊवारी लुगडे नेसलेली, शाकाहारी, घरापासून हजारो मैल दूर चाललेली ही मुलगी ४ जून रोजी न्यूयॉर्क बंदरात उतरली. धक्क्यावर कार्पेंटर मावशी उभ्या होत्या. रोझेलच्या त्या घरात तिला जे माहेरपण मिळाले, तसे तिला आजवर क्वचितच मिळाले होते.

फिलाडेल्फियातील अभ्यास

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० साली स्थापन झाले होते. केवळ स्त्रियांसाठी असलेल्या जगातील अगदी पहिल्या वैद्यकीय महाविद्यालयांपैकी ते एक होते. अधिष्ठाता रेचल बॉडली या रसायनशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मंजूर केली. प्रसूतिशास्त्राच्या प्राध्यापिका ॲना ब्रूमॉल या युरोपात शिकून आलेल्या आणि निर्जंतुकतेचा आग्रह धरणाऱ्या विदुषी होत्या.

प्रसूतिशास्त्राच्या इतिहासात हा मोठ्या स्थित्यंतराचा काळ होता. सूतिकाज्वर संसर्गातून पसरतो, असे बोस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये मांडले होते. व्हिएन्नाच्या इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनयुक्त द्रावणात हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले. पण वैद्यकविश्वाने त्यांची टर उडवली. पुढे लिस्टर यांनी १८६७ मध्ये शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा वापर मांडला आणि पाश्चर यांनी १८७९ मध्ये सूतिकाज्वराच्या रुग्णांत साखळीसारखे दिसणारे जंतू दाखवले. म्हणजे आनंदीबाई शिकत होत्या तेव्हा, बाळंतिणींचे मरण हे दैव नसून बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगी गोष्ट आहे, हा विचार नुकताच रुजू लागला होता. आपल्या दहा दिवसांच्या बाळाची आठवण उरात बाळगणाऱ्या विद्यार्थिनीला हे सारे शिकताना काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

थंडी कडाक्याची होती. लुगडे त्या हवेत पुरे पडेना, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. पण पाश्चात्त्य पोशाख स्वीकारला नाही. खोलीतील शेगडी नीट पेटत नसे. धूर सहन करायचा किंवा थंडी, एवढाच पर्याय होता. आहार अपुरा पडत होता. शरीर खंगत गेले आणि क्षयाने त्यांना गाठले. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉक यांनी १८८२ मध्येच शोधले होते. परंतु त्यावरील औषध मिळण्यास अजून साठ वर्षे लागणार होती.

अशा अवस्थेत त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला. त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. वर्गातील बहुतेक विद्यार्थिनींना न सुचणारा हा विषय त्यांनी निवडला यात मोठा अर्थ आहे. सुश्रुत आणि चरक यांच्या संहितांत गर्भिणीचा महिनावार आहारविहार, सूतिकागृहाची रचना, प्रसूतीच्या वेळची काळजी, नवजात बाळाची निगा यांचे तपशीलवार विवेचन आहे. मूल अडल्यास काय करावे, यासाठी सुश्रुताने मूढगर्भ या नावाने स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. आनंदीबाईंनी हे जुने ज्ञान आणि अमेरिकन वैद्यकीय ग्रंथांतील नवे ज्ञान यांची एकत्र मांडणी केली. ज्या समाजात परत जाऊन काम करायचे त्याच्याच परंपरेत पाय रोवून नवे विज्ञान न्यायचे, ही त्यांची दृष्टी होती. आपल्याकडे मिशन-कार्यात ज्याला संस्कृतीशी समरस होणे म्हणतात, त्याचेच हे एक रूप नव्हे काय?

दि. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. परदेशात जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री हा मान त्यांच्याकडे जातो. त्याच वर्षी कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले, हेही येथे नमूद केले पाहिजे. पदवीदान समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. त्या आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता, तर आनंदीबाईंनी आपला धर्म सोडला नव्हता. दोघींचे मार्ग वेगळे झाले तरी एकमेकींविषयीचा जिव्हाळा आटला नाही. त्या काळी दोन मराठी स्त्रियांनी दाखवलेला हा समजूतदारपणा आजच्या दिवसांत फार मोलाचा वाटतो.

स्वदेशी परत

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली. ऑक्टोबर १८८६ मध्ये पतीसह त्यांनी अमेरिका सोडली आणि १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईत उतरल्या. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी नावे ठेवली त्यांनीच आता स्वागत केले. पण ज्या स्त्रीला पाहण्यासाठी गर्दी जमली होती, तिला उभे राहण्याचेही त्राण उरले नव्हते. डॉक्टरांचे आणि वैद्यांचे उपचार झाले. उपयोग झाला नाही. दि. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यास महिनाभर अवकाश होता. कोल्हापूरच्या त्या स्त्री विभागात त्या एक दिवसही काम करू शकल्या नाहीत.

त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील स्मशानभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, ख्रिस्ती कबरींच्या मध्ये या हिंदू मुलीची समाधी आहे. अट न घातलेल्या प्रेमाची ती खूण आहे. कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेने १८८८ मध्ये इंग्रजीतून, तर काशीबाई कानिटकर यांनी मराठीतून त्यांचे चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांच्या आनंदी गोपाळ या कादंबरीमुळे त्या घरोघरी पोहोचल्या. शुक्र ग्रहावरील एका विवरालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.

गोपाळरावांचे पुढील आयुष्य विचित्र वळणांचे ठरले. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये १८९० साली घडलेल्या चहापान प्रकरणामागे तेच होते. पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि काही काळाने ते पुन्हा स्वधर्मात परतले. पत्नीच्या ठिकाणी जो ठामपणा होता, तो त्यांना स्वतःला लाभला नाही.

व्रत अपुरे राहिले काय?

एकाही रुग्णाची सेवा न करता गेलेल्या डॉक्टरचे जीवन सफल म्हणावे काय, असा प्रश्न मनात येतो. उत्तर पुढच्या काळाने दिले. त्याच फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर ही मराठी ख्रिस्ती भगिनी डॉक्टर झाली आणि तिने मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने अनेक वर्षे रुग्णसेवा केली. डॉ. रखमाबाई यांनी लंडनला शिकून १८९४ मध्ये पदवी मिळवली आणि सुरत व राजकोट येथे स्त्रियांच्या रुग्णालयांतून आयुष्य वेचले. मुंबईत १८८६ मध्ये सुरू झालेल्या कामा रुग्णालयात डॉ. एडिथ पेची यांच्यासारख्या स्त्री डॉक्टरांनी स्त्रियांवर उपचार केले.

मुंबईतील मातांच्या आजारांवर पुढे झालेल्या संशोधनाने तर साऱ्या जगाचा फायदा झाला. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या प्रयत्नांमुळे ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १८२८ नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनी, १९२८ साली मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गर्भवतींना होणारा तीव्र रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. आहारातील एका घटकाच्या अभावामुळे हा आजार होतो आणि यीस्टच्या अर्कासारख्या स्वस्त पदार्थाने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. तो घटक म्हणजे फोलिक ॲसिड. आज आपल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात गर्भवतीला लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या जातात, त्याचे एक मूळ मुंबईच्या गिरणगावात आहे. गोव्यातील शिरोडा येथे जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५० च्या दशकात मुंबईत, गर्भाशयाचे मुख कमकुवत असल्याने वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठी एक टाका घालण्याची पद्धत शोधली. शिरोडकर टाका या नावाने ती जगभर ओळखली जाते.

या विषयात आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहासही तपासून पाहण्यासारखा आहे. धर्मभगिनींनी वैद्यकीय व्यवसाय करणे, विशेषतः बाळंतपण करणे, हे त्यांच्या व्रतस्थ जीवनाशी विसंगत आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. रावळपिंडीत स्त्रियांचे रुग्णालय उभारण्यासाठी झटलेल्या डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन यांनी ही बंदी उठवावी म्हणून रोमकडे वारंवार विनंत्या केल्या. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन ऑस्ट्रियाच्या डॉ. ॲना डेंगल यांनी १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापन केला. शेवटी ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमच्या धर्मप्रसार विभागाने मिशन क्षेत्रातील धर्मभगिनींना माता व बालकांच्या सेवेसाठी वैद्यकीय शिक्षण घेण्यास उत्तेजन देणारे पत्रक काढले. आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या सभागृहात जी गरज सांगितली, ती ओळखायला आपल्याला आणखी ५३ वर्षे लागली. हे कबूल करण्यात कमीपणा नाही. त्यानंतर मात्र आपल्या धर्मभगिनींनी खेड्यापाड्यांतील प्रसूतिगृहांतून जी सेवा केली, ती या देशाला ठाऊक आहे.

आजची जबाबदारी

आनंदीबाईंच्या काळापासून परिस्थिती खूप पालटली आहे. विवाहाचे किमान वय कायद्याने वाढत गेले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीसाठी ते १४ ठरवले, तर १९७८ पासून ते १८ आहे. २०१८ ते २०२० या काळातील सरकारी पाहणीनुसार देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता मृत्युमुखी पडत होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ होते. ही मोठी प्रगती आहे. परंतु ३३ हा केवळ आकडा नाही. अतिरक्तस्राव, रक्तदाब वाढून येणारे झटके, जंतुसंसर्ग ही बाळंतपणातील मृत्यूची मुख्य कारणे वेळीच उपचार झाल्यास बहुतांशी टाळता येतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. आपल्याच ठाणे जिल्ह्यातील शहापूर, मुरबाडच्या दुर्गम पाड्यांवरून गर्भवतीला झोळीतून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या अधूनमधून वाचाव्या लागतात. कल्याणहून गाडीने तासाभराच्या अंतरावर आनंदीबाईंचा प्रश्न अजून जिवंत आहे.

आपण सारे डॉक्टर होऊ शकत नाही. पण आपल्या घरातील आणि शेजारच्या गर्भवतीची नावनोंदणी पहिल्या तीन महिन्यांत झाली आहे का, ती गोळ्या नियमित घेते का, तिचा रक्तदाब तपासला जातो का, हे पाहणे आपल्याला शक्य आहे. तीव्र डोकेदुखी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही दिसल्यास तिला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. धर्मग्रामातील महिला मंडळे, लघुख्रिस्ती समूह आणि युवक यांनी घरकाम करणाऱ्या, वीटभट्टीवर व बांधकामावर राबणाऱ्या भगिनींची याबाबत विचारपूस करावी. ती कोणत्या धर्माची आहे, हे विचारण्याचे कारण नाही. कार्पेंटर मावशींनीही ते विचारले नव्हते.

दहा दिवस जगलेल्या एका बाळाने आपल्या आईला सातासमुद्रापार नेले. ती आई परत आली ती मरणासन्न होऊन. तरीही तिच्या मागून कितीतरी जणी त्या वाटेने गेल्या आणि कितीतरी बाळे जगली. पुढच्या वेळी कल्याण स्थानकावर गाडी थांबेल तेव्हा या कन्येचे कृतज्ञतेने स्मरण करू या आणि आपल्या परिसरातील प्रत्येक मातेसाठी व तिच्या होणाऱ्या बाळासाठी परमेश्वराजवळ प्रार्थना करू या.